एल ग्रेकोचे तोलेदो

स्पेनची राजधानी माद्रिदच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवर, ताहो नदीच्या वळणात एका खडकाळ टेकडीवर तोलेदो शहर वसले आहे. क्रीट बेटावर जन्मलेला दोमेनिकोस थेओतोकोपोलोस हा चित्रकार व्हेनिस आणि रोम येथे उमेदवारी करून १५७७ साली येथे आला. नाव उच्चारणे कठीण म्हणून लोक त्याला ‘एल ग्रेको’, म्हणजे ‘तो ग्रीक’, म्हणू लागले. तो मात्र अखेरपर्यंत आपली सही ग्रीक लिपीतच करीत राहिला. राजा फेलिपे दुसरा याची मर्जी संपादन करण्याची त्याची आकांक्षा होती; परंतु एस्कोरियलसाठी काढलेले संत मॉरिसचे चित्र राजाला रुचले नाही. दरबाराचे दार बंद झाले आणि तोलेदो हेच त्याचे गाव ठरले.

त्याची चित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. तरीही तोलेदोत ती पाहण्याला वेगळा अर्थ आहे, कारण यांतील काही चित्रे ज्या वास्तूंसाठी काढली गेली तेथेच अजून आहेत.

कॅथेड्रलमधील ‘एल एक्सपोलियो’ हे त्यांपैकी एक. क्रुसावर चढविण्यापूर्वी ख्रिस्ताची वस्त्रे उतरविली जात आहेत, असा प्रसंग आहे. संग्रहालयात हे केवळ एक धार्मिक चित्र वाटले असते. ते लावले आहे मात्र पुरोहितांच्या वस्त्रागारात. जेथे पुरोहित पूजेची वस्त्रे अंगावर चढवितात, तेथेच समोर ख्रिस्ताची वस्त्रे हिरावून घेतली जात आहेत! गर्दीतील माणसांची डोकी ख्रिस्ताच्या डोक्याहून वर दिसतात, असा आक्षेप कॅथेड्रलच्या वतीने घेण्यात आला आणि मोबदल्यावरून तंटाही झाला. चित्रात बदल करण्याचे चित्रकाराने मान्य केले, पण केला नाही. ती डोकी आजही तशीच वर आहेत.

खरा मुक्काम सांतो तोमे चर्चमध्ये करावा. ओर्गासचा उमराव चौदाव्या शतकात वारला. ओर्गासच्या लोकांनी दरवर्षी या चर्चला मेंढ्या, कोंबड्या, मद्य, सरपण आणि रोख रक्कम द्यावी, अशी त्याची तजवीज होती. पुढे गावकऱ्यांनी हा वसूल थांबविला. तेव्हा धर्मगुरू आंद्रेस नुन्येस यांनी दावा लावला, १५६९ साली तो जिंकला आणि मग उमरावाच्या थडग्याच्या वर लावण्यासाठी चित्र सांगितले. दफनाच्या वेळी संत स्टीफन व संत ऑगस्टिन स्वतः अवतरले, ही दंतकथा त्यात आहे. १५८६ ते १५८८ या काळात काढलेले हे चित्र सुमारे पावणेपाच मीटर उंच आहे. खाली काळ्या पोशाखातील तोलेदोचे प्रतिष्ठित नागरिक, तेही चित्रकाराच्या काळातले. वर मेघांत लांबट, ज्वालेसारख्या आकृती. दोन संत देह खाली उतरवीत आहेत आणि थडगेही खालीच योजलेले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे चित्राची रचना उलगडते. चित्रातली क्रिया चौकटीबाहेर पूर्ण होते. डावीकडे बोट दाखविणारा मुलगा हा चित्रकाराचा पुत्र. त्याच्या खिशातील रुमालावर त्याचे जन्मवर्ष १५७८ लिहिलेले आहे. येथेही पैशाचा वाद झालाच. तज्ज्ञांनी १२०० दुकाती किंमत ठरविली, ती चर्चला जास्त वाटली. फेरतपासणीत ती १६०० निघाली! शेवटी १२०० वर मिटले.

सांतो दोमिंगो एल अन्तिग्वो या मठातील वेदी हे तोलेदोतील त्याचे पहिले मोठे काम. तेथे काही मूळ चित्रे आहेत. मात्र मधले भव्य ‘स्वर्गारोहण’ आता शिकागोत आहे आणि वेदीवर त्याची प्रतिकृती लावली आहे. १६१४ साली एल ग्रेकोचे दफन याच मठात झाले.

त्याच्या नावाच्या संग्रहालयात तोलेदोचे एक दृश्य व नकाशा आहे. हे संग्रहालय त्याचे खरे घर नव्हे, हेही सांगून ठेवावे. या चित्रात तावेरा रुग्णालयाची इमारत चक्क एका ढगावर ठेवलेली दिसते. ती मूळ जागी दाखविली असती तर बिसाग्रा वेस झाकली गेली असती, असा खुलासा त्याने त्याच चित्रात लिहिला आहे. तटाबाहेरचे ते रुग्णालय आजही उभे आहे आणि त्यातही त्याची चित्रे आहेत.