वैद्यक शिक्षक-प्रशिक्षण

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या डॉक्टरांच्या अध्यापन-कौशल्यांचा पद्धतशीर विकास करण्याची व्यवस्था. निष्णात चिकित्सक हा आपोआप उत्तम शिक्षक होतो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकाचे महाविद्यालयीन अध्यापन मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८४५ मध्ये सुरू झाले. तथापि शिक्षकांच्या स्वतंत्र प्रशिक्षणाचा विचार त्यानंतर शतकाहून अधिक काळाने पुढे आला.

अनुभवी चिकित्सकास निदान चटकन सुचते. परंतु त्यामागील विचाराच्या पायऱ्या अंगवळणी पडल्याने तो त्या बोलून दाखवीत नाही व विद्यार्थ्यास त्या दिसत नाहीत. त्या उलगडून दाखविणे, विद्यार्थी रुग्ण तपासीत असता प्रत्यक्ष निरीक्षण करणे आणि रुग्णाचा संकोच सांभाळून चूक वेळीच सुधारणे, ही प्रशिक्षणाची प्रमुख अंगे होत. अध्ययनाची उद्दिष्टे ठरविणे, लहान गटांत शिकविणे व मूल्यमापन यांचाही त्यात समावेश होतो.

अमेरिकेत जॉर्ज मिलर यांनी १९५०–६० या दशकात बफलो येथे या विषयाचा पाया घातला. भारतात पाँडिचेरीच्या जिपमर संस्थेत १९७०–८० या दशकात राष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या १९९७ च्या विनियमांत महाविद्यालयीन वैद्यकीय शिक्षण कक्षांची तरतूद झाली. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात २००५ मध्ये ‘फेमर’ या अमेरिकन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने अध्यापकांसाठी अधिछात्रवृत्तीचा उपक्रम सुरू झाला. २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाल्यावर विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष कौशल्य पारखण्याची शिक्षकाची जबाबदारी वाढली. परिषदेची जागा २०२० मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने घेतली.

हिंगोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा नव्या महाविद्यालयांत या प्रशिक्षणाचे महत्त्व विशेष आहे. नरसी नामदेवसारख्या गावातून आलेला रुग्ण आपली व्यथा मराठवाडी बोलीत सांगतो. विद्यार्थ्याचे पाठ्यपुस्तक मात्र इंग्रजी असते. या दोहोंमधील सांधा जोडून दाखविण्याचे काम शिक्षकाचेच होय. तेथे उणीव राहिली, तर विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होऊनही रुग्णाचे म्हणणे ऐकण्यास असमर्थ राहतो व त्याची झळ रुग्णास लागते. अल्प मुदतीची कार्यशाळा यासाठी पुरेशी नसते; सहकाऱ्यांकडून अध्यापनाचे निरीक्षण व विद्यार्थ्यांचे अभिप्राय यांच्या आधारे नित्य सुधारणा करीत राहणे आवश्यक ठरते.