केबिनमधला माणूस

पोकलेनचा ऑपरेटर गेल्याची बातमी येते ती यंत्र दरीत उलटल्यावर, नाहीतर दरड अंगावर आल्यावर. १ ऑगस्ट २०२३ला शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारं यंत्र कोसळलं आणि वीस माणसं गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. पण ऑपरेटरला पंधरा-वीस वर्षं आतून पोखरणाऱ्या गोष्टींची बातमी होत नाही.

घाटात काळा कातळ लागला की पोकलेनची बकेट काढून ब्रेकर बसवतात. छिन्नीचा प्रत्येक ठोका बूममधून, केबिनच्या पत्र्यातून, सीटमधून माकडहाडाला येऊन भिडतो. सीटचं सस्पेन्शन बसलं की ते बदलण्याऐवजी वर घडी केलेलं पोतं टाकलं जातं. डोझरवाल्याची तऱ्हा आणखी वाईट. यंत्र मागे घेताना धड पुढे आणि मान मागे, असं दिवसभर. चाळिशीच्या आत ‘मणक्यात गॅप आलाय’ हे ऐकायला मिळतं ते त्यामुळेच. युरोपीय संघाने २००२ मध्येच सबंध अंगाला बसणाऱ्या कंपावर आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा घातली. आपल्याकडे तासावर भाड्याने दिलेल्या यंत्राचा तास तेवढा मोजला जातो.

धुराचं प्रकरण अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असं निःसंदिग्धपणे जाहीर केलं. त्यामागे अमेरिकेतल्या १२,३१५ खाणकामगारांच्या अभ्यासाचं मोठं बळ होतं. भूगर्भात सर्वाधिक धूर घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. उघड्या रस्त्यावरच्या जेसीबीला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण बोगद्यात किंवा टॉवरच्या तीन मजले खोल खड्ड्यात चार यंत्रं एकदम चालू असतात, तिथे हवा खाणीसारखीच कोंडते. त्यात काँक्रीट फोडताना उडणारी सिलिकाची धूळ. इंजिनाच्या तोंडाला दुहेरी एअर फिल्टर असतो आणि हेल्पर तो नेमाने साफ करतो. ऑपरेटरच्या तोंडाला रुमाल असतो. एसी बंद पडलेला असेल तर काचा उघड्याच.

उन्हाळ्यात तापलेली केबिन, रात्रपाळी, झोप येऊ नये म्हणून तंबाखू, दिवसभर बैठक. हृदयविकाराला आणखी काय हवं?

वीजवाहिनीबद्दल मात्र प्रत्येक ऑपरेटरला आजच सांगायला हवं. बूम तारेला लागला तर घाबरून खाली उतरू नये. एक पाय यंत्रावर आणि एक जमिनीवर पडला की प्रवाह शरीरातून जातो. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत केबिनमध्येच बसावं, कोणालाही जवळ येऊ देऊ नये. यंत्राने पेटच घेतला, तर यंत्राला हात न लावता दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारावी आणि पावलं न उचलता, जमिनीला घासत, दूर सरकावं.

बांधकाम कामगारांचा कायदा १९९६मध्ये आला. त्याखालच्या १९९८च्या केंद्रीय नियमांत उचलयंत्रं आणि वाहतूकयंत्रं चालवणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी चाळिशीपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी करावी, असं सांगितलं होतं. पण ऑपरेटर आज या मालकाकडे, दिवाळीनंतर दुसऱ्याकडे. त्याचे कागद सांभाळणार कोण? कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करताना वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला द्यावाच लागतो. त्याच नोंदीला कानाची, फुप्फुसाची आणि मणक्याची तपासणी जोडली, तर मालक बदलला तरी माणसाची फाईल त्याच्याबरोबर राहील.