टाळूचे टाके आणि अफूची मात्रा

निपाणी-चिकोडीकडच्या खेड्यांत दुभंगलेल्या टाळूचं मूल जन्मलं की 'ग्रहण पाळलं नसेल' म्हणून आईलाच बोल लावणारे आजही भेटतात. बोल लावून झाले की बेळगावची वाट धरली जाते. तिथल्या केएलईच्या रुग्णालयात, नाहीतर पुढे धारवाडला सत्तूरच्या एसडीएममध्ये टाळू शिवतात, साधारण ९ ते १८ महिन्यांच्या वयात. त्या रात्री बाळाला किती दुखतं आणि त्यावर काय द्यायचं, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

तान्ह्यांना फारसं दुखत नाही, अशीच वैद्यकाची समजूत होती. ती मोडली कंवलजीत सिंग आनंद यांनी. इंदूरला शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या या डॉक्टरांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल मिळालेली अपुऱ्या दिवसांची बाळं इतरांपेक्षा चांगली सावरतात.

फेंटानिल, मॉर्फिन ही अफूच्या पठडीतली औषधं. दुखणं मारतात, पण मेंदूतलं श्वासाचं केंद्रही मंदावतात. टाळू शिवल्यावर श्वासाची वाट अरुंद झालेली, त्यात सूज. म्हणून भुलेत असतानाच गालाच्या हाडामागच्या मज्जातंतूपाशी ब्युपिव्हॅकेन टोचून टाळू बधिर करतात. मग मॉर्फिन कमी लागतं. लागलंच तर वॉर्डात, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप लावून.

खरी काळजी आहे घरी न्यायच्या औषधाची. कोडीन आणि ट्रामाडॉल सौम्य समजली जातात. पण यकृतातलं सीवायपी२डी६ हे विकर कोडीनचं मॉर्फिन बनवतं. काही मुलांत ते इतकं सुस्त की औषध लागूच पडत नाही, काहींत इतकं चपळ की नेहमीच्या मात्रेनंही श्वास थांबतो. टॉन्सिल काढलेली मुलं अशी दगावल्यावर अमेरिकेच्या एफडीएनं २०१३ मध्ये कोडीनबद्दल कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना ही दोन्ही औषधं वर्ज्य ठरवली. बाळाचं विकर कसलं, हे तोंड बघून कळत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया पोराला अफूची गोळी चाटवून निजवत. मूल गप्प पडलं म्हणजे बरं वाटतंय, ही समजूत तेव्हाचीच नाही.

घरी पहिले काही दिवस भिस्त पॅरासिटामॉलवर. मूल रडेपर्यंत थांबायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, बहुधा दर सहा तासांनी, द्यायचं. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम. इथेच घोळ होतो. मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असतात, कधी २५०; ड्रॉप्समध्ये एकाच मिलीत १००. चिठ्ठीवर 'पाच मिली' लिहिलंय आणि गावातल्या दुकानदारानं सिरप संपलं म्हणून ड्रॉप्स दिले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात, म्हणजे चौपट. त्यामुळे चिठ्ठीवर मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून मागावी, आणि बाटली हातात आली की ब्रँडच्या नावाखालची बारीक अक्षरं दुकानातच वाचावीत.