दाद मागायची तर कोणाच्या दारी?

बंगळुरूच्या होसूर रस्त्यावर १८ एप्रिल २०१६ रोजी तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार स्त्रिया उतरल्या आणि शहराची ही मुख्य वाट काही तास बंद पडली. केंद्रीय श्रम मंत्रालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत भविष्यनिर्वाह निधीचे नियम बदलले होते. मालकाच्या हिश्शाची रक्कम वयाची ५८ वर्षे पूर्ण होईपर्यंत काढता येणार नाही, अशी ती तरतूद होती. कोणत्याही मोठ्या कामगार संघटनेने या स्त्रियांना हाक दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी आंदोलनाचे लोण शहराच्या इतर औद्योगिक वसाहतींत पसरले, बसगाड्या पेटल्या, लाठीमार झाला, आणि १९ एप्रिलच्या सायंकाळी तत्कालीन श्रममंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी अधिसूचना मागे घेत असल्याचे जाहीर केले. संसदेत विरोधी पक्षांना अनेक अधिवेशनांत जे साधत नाही, ते या स्त्रियांनी दोन दिवसांत साधले.

मात्र याच स्त्रीला कारखान्याच्या आत पर्यवेक्षकाकडून अपशब्द, अंगलट किंवा त्याहून वाईट काही सोसावे लागले, तर तिला होसूर रस्ता उपयोगी पडत नाही. भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न सर्वांचा असतो. छळाचा प्रश्न, तो अनेकींच्या वाट्याला आला तरी, प्रत्येकीला एकटीने मांडावा लागतो. कायदाही तक्रारीचा तपशील गोपनीय ठेवण्यास सांगतो आणि ते योग्यच आहे. म्हणजे तक्रारदार स्त्रीपाशी संख्येचे बळ नाही, प्रसिद्धीचे बळ नाही. तिच्यापाशी असते ती केवळ दाद मागण्याची एक जागा. ती जागा कोठे असावी आणि तिच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात, हा या कायद्यातील खरा राजकीय प्रश्न आहे. गेल्या सुमारे तीन दशकांत तो अनेकदा उपस्थित झाला आणि दरवेळी अर्धवट सुटला.

या प्रश्नाची सुरुवात राजस्थानातील भटेरी गावात झाली. बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवी या ‘साथिन’वर सप्टेंबर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. काम सरकारचे, पण ते करताना आलेल्या संकटाची जबाबदारी कोणाचीच नाही, हे त्या प्रकरणाने उघडे पाडले. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘विशाखा’ खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि संसद कायदा करीपर्यंत तीच कायदा मानावीत, असे सांगितले. ती तत्त्वे कागदावरच राहत असल्याची तक्रार करणारे पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांचे पत्र न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले. तिचा अंतिम निकाल १९ ऑक्टोबर २०१२ रोजी लागला, तेव्हाही अनेक राज्यांनी आपले सेवानियम पुरते बदलले नव्हते.

त्या मधल्या काळात बंगळुरूच्या उद्योगजगताला या विषयाची जाणीव झाली, ती भारतीय कायद्यामुळे नव्हे. इन्फोसिसच्या एका वरिष्ठ संचालकाविरुद्ध अमेरिकेतील कर्मचारी स्त्रीने कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात लैंगिक छळाचा दावा दाखल केला. जुलै २००२ मध्ये त्या संचालकाने राजीनामा दिला आणि मे २००३ मध्ये ३० लाख डॉलरच्या तडजोडीने दावा मिटला. निकाल लागलाच नसल्याने आरोप सिद्ध झाले, असे म्हणता येणार नाही. परंतु एका तक्रारीची किंमत, त्या वेळच्या दराने, सुमारे १४ कोटी रुपये असू शकते, हे भारतीय कंपन्यांच्या संचालक मंडळांना प्रथमच कळले. पुढे भारतीय संसदेने जो कायदा केला, त्यात समिती न नेमणाऱ्या मालकाला ठेवलेला दंड आहे कमाल ५० हजार रुपये. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दंड दुप्पट आणि परवाना रद्द होण्याची शक्यता, इतकाच त्यात धाक.

या कायद्याचा संसदेतील प्रवासही बोलका आहे. तत्कालीन महिला व बालविकास राज्यमंत्री कृष्णा तीरथ यांनी ७ डिसेंबर २०१० रोजी लोकसभेत विधेयक मांडले. मूळ मसुद्यात घरकामगार स्त्रिया वगळल्या होत्या. कर्नाटकातील ज्येष्ठ नेते ऑस्कर फर्नांडिस यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने त्यांचा समावेश करण्याचा आग्रह धरला आणि सरकारने तो मानला. ही समितीची मोठीच कामगिरी होती. मात्र ३ सप्टेंबर २०१२ रोजी, कोळसा खाणवाटपावरून सभागृहात गदारोळ सुरू असताना, लोकसभेने हे विधेयक चर्चेविना मंजूर केले. कोट्यवधी स्त्रियांच्या रोजच्या कामकाजाशी निगडित असलेल्या तरतुदींवर लोकसभेत बोलणे झालेच नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी दिल्लीत १६ डिसेंबरची घटना घडली आणि माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांची समिती नेमली गेली. ‘विशाखा’ निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख हेच न्यायमूर्ती वर्मा होते. २३ जानेवारी २०१३ रोजी सादर केलेल्या अहवालात त्यांच्या समितीने या विधेयकाची स्पष्ट शब्दांत चिकित्सा केली. मालकाच्याच छत्राखालील अंतर्गत समितीकडे तक्रार नेण्याची व्यवस्था हेतूलाच मारक ठरेल. त्याऐवजी स्वतंत्र रोजगार न्यायाधिकरण स्थापन करावे, असे तिचे मत होते. खोट्या तक्रारीबद्दल शिक्षेची तरतूदही तिला अमान्य होती. तरीही २६ फेब्रुवारी २०१३ रोजी राज्यसभेने विधेयक संमत केले आणि अंतर्गत समिती व शिक्षेचे कलम दोन्ही कायम राहिली. २२ एप्रिलला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली; न्यायमूर्ती वर्मा यांचे निधन त्याच दिवशी झाले. ९ डिसेंबर २०१३ पासून कायदा अमलात आला.

अंतर्गत समिती निरुपयोगीच असते, असे मुळीच नाही. अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्य, एक सदस्य संस्थेबाहेरचा आणि ९० दिवसांत चौकशी, हा आराखडा चांगला आहे. ज्या कंपनीला आपल्या नावाची काळजी आहे, तेथे तो चालतोही. पण दहापेक्षा कमी माणसे असलेले दुकान, शिवणकामाची छोटी शेड किंवा चौथ्या मजल्यावरील सदनिकेचे स्वयंपाकघर येथे अंतर्गत समिती असूच शकत नाही. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो स्वतः मालकच असेल, तर समिती असूनही उपयोग नाही. अशा सर्वांसाठी कायद्याने मालकाच्या घराबाहेर एकच दार ठेवले आहे. ते म्हणजे प्रत्येक जिल्ह्यातील स्थानिक तक्रार समिती. ती नेमायची जिल्हा अधिकाऱ्याने. आणि हा जिल्हा अधिकारी कोण? जिल्हाधिकारी, अतिरिक्त जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी सरकार त्या पदी ‘अधिसूचित करू शकेल’, असे पाचव्या कलमाचे शब्द आहेत.

‘करील’ नव्हे, ‘करू शकेल’. या एका क्रियापदाने संपूर्ण व्यवस्था अधांतरी ठेवली. अधिकारीच अधिसूचित नसेल तर समिती नाही, तालुक्यात तक्रार घेणारा समन्वय अधिकारी नाही आणि वार्षिक अहवाल मागणाराही कोणी नाही. कायदा अमलात येऊन जवळजवळ दहा वर्षे झाल्यावर, १९ ऑक्टोबर २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की येथे ‘शकेल’ याचा अर्थ बंधनकारक असाच घ्यावा लागेल आणि राज्यांनी चार आठवड्यांत हे अधिकारी नेमावेत. सभागृहात अर्धा तास चर्चा झाली असती, तर एखाद्या सदस्याने हा शब्द कदाचित त्याच दिवशी दुरुस्त करून घेतला असता.

त्याआधी १२ मे २०२३ रोजी गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणात याच न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली होती. चौकशी घाईने उरकून, आरोपीला बचावाची पुरेशी संधी न देता केलेली बडतर्फी न्यायालयाने रद्द ठरवली आणि प्रकरण फेरचौकशीसाठी परत पाठवले. नीट न चाललेली समिती तक्रारदारालाही न्याय देत नाही आणि आरोपीलाही नाही, हा त्या निकालाचा बोध. देशातील ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांत अंतर्गत समितीच नसल्याची बातमीही न्यायालयाने त्याच निकालात नोंदवली. त्याच खटल्यात ३ डिसेंबर २०२४ रोजी, कर्नाटक उच्च न्यायालयातून आलेल्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने तारखाच बांधून दिल्या. जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबरपर्यंत आणि स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत नेमाव्यात, असा तो आदेश होता.

बंगळुरूसारख्या शहरात या तारखांना विशेष महत्त्व आहे. डिसेंबर २००५ मध्ये रात्रपाळीसाठी निघालेल्या एका कॉल सेंटर कर्मचारी तरुणीचा, कंपनीचा वाहनचालक म्हणून आलेल्या माणसाने खून केला. घर ते कचेरी हा प्रवास कामाचाच भाग आहे का, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. कंपनीच्या प्रमुखावरील खटला रद्द करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नकार दिला आणि २०१३ च्या कायद्याने मालकाने पुरवलेले वाहन हेही कामाचे ठिकाण मानले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी स्त्रियांना त्यांच्या संमतीने सर्व प्रकारच्या आस्थापनांत रात्रपाळीची मुभा दिली आहे. संधी वाढली हे स्वागतार्ह आहे. पण रात्रीचे काम जितके वाढेल, तितकी मालकाच्या घराबाहेरील दाराची गरजही वाढेल.

घरकामगार स्त्रीची अडचण तर आणखी वेगळी आहे. तिच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास स्थानिक समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवावे, असे कायदा सांगतो. कचेरीतील स्त्रीला खात्यांतर्गत कारवाईचा मार्ग मिळतो. घरकामगाराला थेट पोलीस ठाणे. ओडिशा वा झारखंडातून आलेल्या, कन्नड न येणाऱ्या मुलीला ती पायरी किती उंच वाटत असेल, हे परमुलखात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागू नये.

शाळांच्या बाबतीतही कायद्याची वाटणी अशीच आहे. शाळा हे शिक्षिकेचे कामाचे ठिकाण असल्याने तिला २०१३ च्या कायद्याचे संरक्षण मिळते. विद्यार्थ्यांसाठी मुख्य आधार आहे तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा, म्हणजे ‘पॉक्सो’चा. जुलै २०१४ मध्ये बंगळुरूतील एका खासगी शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा पालक रस्त्यावर आले आणि मगच कर्मचाऱ्यांची पडताळणी, कॅमेरे, वाहनांतील महिला सेविका यांची चर्चा सुरू झाली. तेथेही शासन हलले ते जमावामुळे. एकट्या पालकाच्या एका अर्जाने ते हलायला हवे होते.

आणि जो छळ लैंगिक नाही, त्याचे काय? जात, भाषा किंवा प्रांत यांवरून नोकरीत डावलले जाण्याविरुद्ध सर्व नागरिकांना लागू होईल असा सर्वंकष केंद्रीय कायदा आजही नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्येकडील हजारो तरुण बंगळुरू सोडून गेले. त्यांच्यासाठी गुवाहाटीकडे विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. शशी थरूर यांनी मार्च २०१७ मध्ये लोकसभेत मांडलेले भेदभावविरोधी खासगी विधेयक त्या लोकसभेबरोबरच व्यपगत झाले. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा देणारे विधेयक मंजूर केले आणि उद्योगांच्या विरोधानंतर दोनच दिवसांत ते स्थगित ठेवले. स्थानिक कोण, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. सोलापूर-कोल्हापूरकडून बंगळुरूस नोकरीला गेलेल्या मराठी तरुणांना मात्र तो या वेळी दुसऱ्या बाजूने पाहावा लागला.

नव्या कायद्याला अवधी लागेल. पण आहे तो कायदा चालवण्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. कर्नाटकात ज्यांना उपायुक्त म्हणतात आणि महाराष्ट्रात जिल्हाधिकारी, त्या पदांवरील अधिकाऱ्यांच्या हातात बरेच काही आहे. स्थानिक समितीचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी कारखान्याच्या फाटकावर, गृहसंकुलाच्या सूचनाफलकावर, कामगारांना वाचता येईल अशा भाषांत लावता येईल. समितीने वर्षअखेरीस जिल्हा अधिकाऱ्याला आणि त्याने राज्य सरकारला अहवाल द्यावा, असे कायदाच सांगतो. किती जिल्ह्यांनी तो दिला, असा तारांकित प्रश्न विधानसभेत किंवा संसदेत विचारायला कोणत्याही सदस्याला पक्षादेश आड येत नाही. जुलै २०२५ पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती ९० दिवसांहून अधिक काळ पडून आहेत, हे सांगावे लागते. तोच नियम शासकीय खात्यांनी स्वतःला लावून घेण्यास कोणाची हरकत असणार?

होसूर रस्त्यावरील त्या स्त्रियांना आपले म्हणणे दिल्लीपर्यंत पोहोचवण्यासाठी दोन दिवस लागले, कारण त्या हजारोंच्या संख्येने होत्या. जी एकटी आहे, तिचे म्हणणे जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात, यावरच या कायद्याचे यशापयश ठरणार आहे. ते दार उघडे ठेवण्याचे काम आता प्रशासनाचे आहे.