जुन्या जीपला ऑटोमॅटिक गिअर : काय बदलतं, काय उरतं

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका शेतकरी मित्राने विचारलेला प्रश्न आज विषय म्हणून घेतला आहे. त्याच्या वडिलांची जुनी फोर-बाय-फोर जीप आहे, मागे हौदा बसवून पिकअप केलेली. वडिलांचा डावा गुडघा गेला, क्लच दाबवत नाही. वावरात मात्र स्वतःच्या गाडीने, स्वतः चालवत जायचं आहे. मित्र म्हणाला, "सर, तिला ऑटोमॅटिक गिअर बसवता येईल का? आणि बसवला तर ती तीच जीप राहील का?" प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग माझ्या विषयातला, पहिला मिस्त्रीचा. पण पहिला समजल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही, म्हणून आज बराच वेळ तेल-ग्रीसमध्येच जाणार.

आपल्या महागाव-उमरखेड भागात अशी गाडी कशाला लागते, ते सांगायला नको. काळी जमीन आहे. पावसाळ्यात पांदणीत साधी गाडी गेली की बैलजोडीच आणावी लागते. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे सीजे-३बी हे मॉडेल इथेच बनू लागलं. मूळ अमेरिकन मॉडेल १९५३चं. त्यात तीन गिअरचा गिअरबॉक्स, त्याच्या पाठीला घट्ट चिकटलेली ट्रान्सफर केस, आणि तिचे हाय-लो व फोर-व्हीलचे दांडे. ही "पाठीला चिकटलेली" गोष्ट लक्षात ठेवा, सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

आधी ऑटोमॅटिक म्हणजे काय ते पाहू. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. तो दाबला की दोघांचा संबंध तुटतो, सोडला की जुळतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर येतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा, त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. दुसरा हाताने धरून ठेवला तरी पहिल्याचं काही बिघडत नाही. वाऱ्याच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवा, म्हणजे अर्धा कन्व्हर्टर झाला. उरलेला अर्धा म्हणजे मधला तिसरा पंखा, स्टेटर. परत येणाऱ्या तेलाची दिशा तो वळवतो, त्यामुळे गाडी उभी असताना किंवा रेटत असताना इंजिनाचा जोर साधारण दुप्पट होऊन मागे जातो. हर्मन फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. जहाजाचा संबंध पुढे आणखी एकदा येणार आहे, बरं का.

फोर-बाय-फोरला ऑटोमॅटिक ही काही अघटित गोष्ट नाही. अमेरिकेत १९६३च्या जीप वॅगोनियरला आणि ग्लॅडिएटर पिकअपला तो मिळत होता. सीजे घराण्यात तो १९७६च्या सीजे-७मध्ये आला. आपल्याकडे २०२०च्या नव्या थारला कंपनीनेच टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक दिला. कंपनी देते तेव्हा गाडी त्या हिशेबाने आखलेली असते. आपण बसवतो तेव्हा आखणी आपल्या गळ्यात पडते.

आता काम बघा. जुना गिअरबॉक्स, क्लच, जाड फ्लायव्हील काढायचं. त्या जागी फ्लेक्सप्लेट नावाचा पातळ पत्रा, त्यावर कन्व्हर्टर. इंजिनाची भोकं आणि नव्या गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट. ती लेथवर अगदी नेमकी कातलेली हवी, केंद्र जरा हललं की पुढचं ऑइल सील आणि पंप जातो. मागच्या बाजूला ट्रान्सफर केससाठी दुसरा अ‍ॅडॅप्टर आणि बरोबर आट्यांचा शाफ्ट. एवढं झाल्यावर कळतं की सगळा संच आधीपेक्षा वीतभर लांब झाला! ट्रान्सफर केस मागे सरकली. म्हणजे पुढचा प्रोपेलर शाफ्ट लांब हवा, मागचा आखूड. सीजे-३बीचा व्हीलबेस जेमतेम ८० इंच. मागचा शाफ्ट आधीच आखूड, तो आणखी कापला की त्याचा कोन वाढतो आणि क्रॉस जॉइंट लवकर खातो. मूळ जीपचा हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो, तोही सरकतो, त्याची केबल नव्याने करावी लागते.

डिझेलचं वेगळंच. आपल्याकडच्या कितीतरी जीपांना पुढे डिझेल इंजिन बसवली गेली. जुने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पेट्रोल इंजिनासाठी आखलेले. गिअर कधी बदलायचा हे ठरवायला त्यातले बरेचसे इंजिनाचा व्हॅक्यूम वापरतात. जुन्या डिझेलला हवेचा थ्रॉटल नसतो, म्हणून तो व्हॅक्यूमही नसतो. मग अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली केबल लागणारा बॉक्स शोधा. शिवाय डिझेल कमी आरपीएमला थांबतं. आतला गव्हर्नर पेट्रोलच्या हिशेबाचा राहिला तर पूर्ण दाबलं असताना वरचा गिअर पडतच नाही. नव्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक बॉक्स आणला तर त्याला वेगळा कंट्रोलर आणि सेन्सर लागतात. आणि हे सगळं तेल गरम होतं. चिखलात हळू रेटताना कन्व्हर्टर घसरत असतो, घसरणं म्हणजे उष्णता. विदर्भाच्या उन्हाळ्यात वेगळा ऑइल कूलर न लावणं म्हणजे बॉक्स जाळायला ठेवणं.

थोडा गुणाकार करू. जुना पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६, क्राउन-पिनियन ५.३८. गुणाकार साधारण ३७. इंजिनाचा जोर चाकावर ३७ पट. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.५ धरा, गुणाकार ३३ येतो. पण चढावर कन्व्हर्टर तो दुप्पट करतो, म्हणजे ६६च्या आसपास. चिखलातून निघताना जीप कधी नव्हे इतकी ताकदवान होते. उतारावर मात्र ही दुप्पट मिळत नाही. तिथे ३७ऐवजी ३३, वर कन्व्हर्टर घसरतो, म्हणजे इंजिन गाडीला आधीइतकं धरून ठेवत नाही. सगळा भार चार लहान ड्रम ब्रेकवर. शिवाय ऑटोमॅटिक गाडी पाय काढला की हळूहळू पुढे सरकते, तिला उभं ठेवायलाही ब्रेकच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आधी ब्रेक सुधारा, मग गिअरबॉक्सचं बोला. लोक उलटं करतात.

आणखी एक धोका पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ऑटोमॅटिकमध्ये "पी" म्हणजे पार्क असतो. तो गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट अडवतो. पण जीपमध्ये त्या शाफ्टनंतर ट्रान्सफर केस आहे, आणि तिलाही न्यूट्रल आहे. ती न्यूट्रलमध्ये राहिली तर तुम्ही "पी" टाका नाहीतर काहीही टाका, गाडी उतारावरून निघाली! हँडब्रेक चाकाच्या बाजूला आहे, तो धरतो. म्हणून अशा जीपमध्ये हँडब्रेक ओढल्याशिवाय खाली उतरायचंच नाही.

आता "तीच जीप" का? मिलिंदपञ्हात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा रथावरचा संवाद आहे. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? प्रत्येकाला उत्तर "नाही". मग रथ कुठे आहे? नागसेनाचं म्हणणं असं की भाग जुळून आले की त्या जुळणीला आपण व्यवहारात हे नाव देतो, भागांच्या मागे लपलेला असा निराळा रथ नाही. ग्रीकांकडे थिसिअसच्या जहाजाची गोष्ट आहे, फळ्या एकेक करून बदललेल्या. हॉब्जने त्यात खोच घातली की काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं तर? आपला जुना गिअरबॉक्स दुसऱ्याच्या जीपमध्ये गेला की हाच प्रश्न आपल्या दारात येतो.

नागसेनाला आरटीओत जावं लागलं नव्हतं. आपल्याला जावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे ठामपणे सांगितलं. २०२१च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल नको, अशी अट आहे. कायद्याच्या लेखी ओळख म्हणजे मूळ रूप. पण त्याच कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने "अनुकूलित वाहन" ही व्याख्याही आली. शारीरिक दोष किंवा अपंगत्व असलेल्या माणसासाठी बदललेलं वाहन. म्हणजे कायदा एका हाताने वस्तूची ओळख जपतो आणि दुसऱ्या हाताने माणसाची गरज ओळखतो. मला दुसरा हात जास्त महत्त्वाचा वाटतो. परवानगी मात्र कामाच्या आधी यवतमाळला जाऊन लेखी घ्या, काम झाल्यावर नाही.

मित्राला मी काय सांगितलं? पहिलं, क्लच खरंच जड आहे की वर्षानुवर्षं ग्रीस न लागल्याने जड झालाय, ते पाहा. जुन्या जीपचं लिंकेज साफ केलं की निम्मं दुखणं जातं. दुसरं, हायड्रॉलिक क्लच किंवा हाताने चालणारा क्लच. यात गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, शाफ्ट, काहीच हलत नाही. २०१४ला सेलेरिओबरोबर आलेलं एएमटी तत्त्वतः हेच करतं, गिअरबॉक्स साधाच ठेवून क्लच यंत्राकडून दाबून घेतं. एवढ्याने भागलं नाही तरच पूर्ण ऑटोमॅटिक. तोही अशा रीतीने की चेसिसला वेल्डिंग नाही, नवा क्रॉसमेंबर बोल्टवर, आणि जुना गिअरबॉक्स तेल लावून, पोत्यात गुंडाळून घरीच. उद्या नातवाला मूळ जीप हवी असेल तर तिला परत यायला वाट राहिली पाहिजे.

(श्रोत्यांमधून प्रश्न : बॅटरी गेली तर धक्का मारून सुरू होईल का?)

नाही होणार. बॉक्सचा तेलाचा पंप इंजिनाच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद असेल तर दाब नाही, दाब नाही तर आतला एकही क्लच पकडत नाही, मग चाकं फिरली तरी इंजिन फिरत नाही. जम्पर केबल सोबत ठेवा. ट्रॅक्टरने ओढून न्यायची वेळ आली तर ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाका, म्हणजे बॉक्स कोरडा फिरून खराब होणार नाही. उतारावर जी न्यूट्रल घात करते, तीच इथे कामाला येते. फक्त स्टिअरिंगवर एक माणूस बसवा, आणि ब्रेक लागतो ना ते निघण्याआधी बघा.