निशाणीचा वाद आणि निकालाला आव्हान : दोन वाटा, अनेक गैरसमज

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी निवडून आले. पराभूत झालेले शशिकांत शिंदे राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार गटाचे उमेदवार होते आणि त्यांची निशाणी होती ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच मतदानयंत्रावर एका अपक्षापुढे पिपाणीचं चित्र होतं आणि चिन्हांच्या यादीत तिचं मराठी नाव ‘तुतारी’ असंच छापलेलं होतं. त्या अपक्षाला ३७,०६२ मतं मिळाली, म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त. तेव्हापासून गावोगाव एक वाक्य ऐकू येतं : कोर्टात गेलं की असा निकाल रद्द झालाच पाहिजे.

या वाक्यामागची तळमळ खरी आहे. कायदा मात्र तसं म्हणत नाही.

‘गोंधळाची मतं फरकापेक्षा जास्त, म्हणजे निकाल रद्द’

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १०० मध्ये निवडणूक रद्द करण्याची कारणं दिली आहेत. चिन्हाची तक्रार त्यातल्या एकाच खिडकीतून आत येऊ शकते. संविधानाचा, या कायद्याचा किंवा त्याखालच्या नियम-आदेशांचा भंग झाला आणि त्यामुळे निवडून आलेल्या उमेदवारापुरता निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, असं दाखवावं लागतं. दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. पिपाणी निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत होती आणि अपक्षाला ती रीतसर मिळाली, तर भंग कुठला? तक्रार पहिल्याच पायरीवर अडखळते.

समजा, भंग सापडला. तरी दुसरी पायरी त्याहून अवघड आहे. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरचा ‘वशिष्ठ नारायण शर्मा विरुद्ध देव चंद्र’ हा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये निकाली काढला. तिथे विजयाचा फरक होता १,८७२ मतांचा आणि ज्याचा अर्ज चुकीने स्वीकारला गेला होता त्या उमेदवाराला १,९८३ मतं पडली होती. आकड्यांची मांडणी साताऱ्यासारखीच. तरीही न्यायालयाने निवडणूक कायम ठेवली. तो उमेदवार रिंगणात नसता तर ती मतं दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराकडेच गेली असती, हे अंदाजाने ठरवता येत नाही. पुरावा द्यायचा तो याचिकाकर्त्याने, आणि पुरावा नसेल तर निकाल तसाच राहतो.

हा पुरावा आणायचा कुठून? याच कायद्याचं कलम ९४ सांगतं की कुणालाही साक्षीत ‘तू मत कुणाला दिलंस’ हे सांगायची सक्ती करता येत नाही. चित्र पाहून चुकीचं बटण दाबलेल्या आजीबाईंना तर आपली चूक झाल्याचंही ठाऊक नसतं. गुप्त मतदानाचं संरक्षण योग्यच आहे, पण त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या निशाणीचा अन्याय निकालानंतर सिद्ध करणं जवळपास अशक्य होऊन बसतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात दुखरी गोष्ट हीच आहे.

‘पक्ष कोर्टात जाईल’

निकालाला आव्हान देता येतं ते उमेदवाराला किंवा त्या मतदारसंघातल्या मतदाराला. पक्ष म्हणून पक्षाला तो अधिकार नाही. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात दाखल करायची असते, निकालापासून ४५ दिवसांच्या आत. ही मुदत चुकली तर उशीर माफ होत नाही, हे ‘हुकुमदेव नारायण यादव विरुद्ध ललित नारायण मिश्र’ या १९७३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुकांना वेगळे कायदे आणि वेगळी न्यायालयं आहेत.

‘मग मतदानाआधीच स्थगिती आणू’

लोकसभा-विधानसभेच्या बाबतीत संविधानाचं कलम ३२९(ब) आडवं येतं. निवडणूक सुरू झाली की मधल्या कुठल्याही टप्प्यावर न्यायालयाने प्रक्रिया अडवायची नाही, तक्रार निकालानंतर याचिकेत मांडायची, असा अर्थ १९५२ च्या ‘पोन्नुस्वामी’ खटल्यापासून रूढ आहे. पण न्यायालयाचं दार बंद असलं तरी आयोगाचं उघडं असतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने दिलेलं चिन्ह आयोगाच्या निर्देशांशी विसंगत असेल तर आयोग ते बदलू शकतो, अशी तरतूद १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या नियम १० मध्ये आहे. उमेदवारांनी पक्षाच्या उमेदवारीच्या एबी फॉर्मची काळजी जितकी घ्यावी, तितकीच चिन्हवाटपाच्या यादीवर नजर ठेवण्याची घ्यावी.

न्यायालय कधीच हात घालत नाही, असंही नाही. लडाखमधल्या कारगिल स्वायत्त पर्वतीय विकास परिषदेची निवडणूक १० सप्टेंबर २०२३ ला होणार होती. नॅशनल कॉन्फरन्सला तिची ‘नांगर’ ही निशाणी द्यायला प्रशासन तयार नव्हतं. उच्च न्यायालयाने सांगूनही टाळाटाळ चालली. ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीची अधिसूचनाच रद्द केली, प्रशासनाला एक लाखाचा दंड केला आणि नवी अधिसूचना काढायला लावली. मतदान ४ ऑक्टोबरला झालं आणि नांगर घेऊन लढलेला पक्ष २६ पैकी १२ जागा जिंकून सर्वांत मोठा ठरला. ही विधानसभा नव्हती, स्थानिक परिषद होती. शिवाय मतदान अजून व्हायचं होतं, पक्ष वेळेत न्यायालयात गेला होता, म्हणून तो वाचला.

‘धनुष्यबाणाचा निकाल उलटला, तर आमदारकी जाईल’

इथे दोन वेगळ्या वाटा एकमेकींत मिसळल्या जातात. पक्ष फुटला की खरा पक्ष कोणता, हे आयोग १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ खाली ठरवतो. १७ फेब्रुवारी २०२३ ला त्याने शिवसेनेचा धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिला. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार शिंदे यांच्याकडे असणं त्यात निर्णायक ठरलं. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं घड्याळ अजित पवार गटाकडे गेलं. या निर्णयांविरुद्धचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका झाल्या. आयोगाचा निर्णय उद्या फिरला, तरी मतदान झालं त्या दिवशी उमेदवाराकडे चिन्ह वैध आदेशाने आलेलं होतं. त्याची जागा जाण्यासाठी वेगळी निवडणूक याचिका लागते, आणि तिचे ४५ दिवस या वादासाठी थांबत नाहीत.

१९७१ मध्ये असंच घडलं होतं. काँग्रेस फुटल्यावर आयोगाने ‘बैलजोडी’ इंदिरा गांधींच्या बाजूच्या काँग्रेसला दिली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिल्यामुळे लोकसभेला एक गट गाय-वासरू घेऊन उतरला आणि दुसरा चरखा चालवणारी स्त्री घेऊन. निवडणूक मार्चमध्ये संपली. ‘सादिक अली’ खटल्यात आयोगाचा निर्णय कायम झाला तो नोव्हेंबरमध्ये. तोवर लोकसभा बसलीही होती. बैलजोडीचा हक्क मिळूनही जिंकलेल्या काँग्रेसने पुढे गाय-वासरूच चालवलं.

चिन्ह ही पक्षाची मालमत्ता नसते, हे तत्त्वही याच खटल्यातून आलं. त्याच आधारे, शिवसेनेच्या दुसऱ्या गटाला मिळालेल्या ‘मशाली’वरचा समता पक्षाचा दावा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळला. त्या पक्षाची मान्यता आधीच गेलेली होती.

राहिली पिपाणी. विधानसभेआधी शरद पवार गटाने ती यादीतून काढावी अशी मागणी केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयोगाने ‘तुतारी वाजवणारा माणूस’ यंत्रावर अधिक ठळक छापायचं मान्य केलं, पिपाणी काढायचं नाही. मला हा निर्णय अपुरा वाटतो. पक्षाला नवं चिन्ह देतानाच मुक्त यादीतलं त्याच्याशी मिळतंजुळतं चित्र आणि नाव आयोगाने स्वतःहून बाजूला ठेवायला हवं, कारण मतमोजणीनंतर ते काम करू शकेल असं कोणतंच न्यायालय या देशात नाही.