फ्रान्सचे मतदार आणि पक्षाबाहेरील उमेदवार

जुन्या वैद्याचें औषध लागू पडेनासें झालें कीं रोगी नवा वैद्य शोधूं लागतो. त्या वैद्याची परीक्षा मात्र तो मागाहून करतो. फ्रान्सच्या मतदारांचें वर्तन कांहींसें असेंच झालें आहे.

तेथें १९६५ पासून अध्यक्षाची निवड प्रत्यक्ष जनतेच्या मतानें होते. पहिल्या फेरींत कोणासही निम्म्याहून अधिक मतें न मिळाल्यास आघाडीच्या दोघांतच दुसरी फेरी होते. पहिल्या फेरींत आवडता निवडावा व दुसरींत नावडता वगळावा, असें तेथील लोक म्हणतात. १९८१ पासून २०१२ पर्यंत प्रत्येक वेळीं अध्यक्षपद समाजवादी पक्षाकडे तरी गेलें किंवा द गॉल यांची परंपरा सांगणाऱ्या उजव्या पक्षाकडे तरी गेलें.

परंतु सत्ताधारी बदलले तरी बेकारी हटेना व बंद पडलेले कारखाने उघडेनात. त्यांत २००५ सालीं युरोपीय राज्यघटनेचा मसुदा जनतेनें सुमारे ५५ टक्के मतांनीं फेटाळला; तरीही त्यांतील बराचसा भाग नव्या तहाच्या रूपानें २००८ सालीं संसदेनें मंजूर केला. आपलें मत विचारतात, पण मानीत नाहींत, ही भावना अनेकांच्या मनांत रुजली.

२०१७ सालीं याचें फळ दिसलें. दोन्ही जुन्या पक्षांचे उमेदवार पहिल्याच फेरींत बाद झाले; समाजवादी उमेदवारास तर साडेसहा टक्केही मतें पडलीं नाहींत. इमॅन्युएल मॅक्राँ यांस २४ टक्के व मारीन ल पेन यांस २१ टक्के मतें मिळालीं. मॅक्राँ यांनीं पूर्वीं एकही निवडणूक लढविली नव्हती. त्यांचा पक्ष अवघा वर्षाचा होता. तथापि ते अर्थमंत्री राहिलेले होते आणि ल पेन यांच्याकडे पित्यानें स्थापिलेल्या पक्षाचें नेतृत्व होतें. म्हणजे दोघेही खरोखर परके नव्हते. जुन्या पक्षांचा शिक्का त्यांच्यावर नव्हता, एवढेंच.

दुसऱ्या फेरींत मॅक्राँ ६६ टक्के मतांनीं विजयी झाले. पण सुमारे एक चतुर्थांश मतदार घरींच राहिले व चाळीस लाखांवर मतपत्रिका कोऱ्या किंवा बाद निघाल्या. शिवाय विजयी मतांपैकीं कित्येक मतें ल पेन नकोत म्हणून पडलेलीं होतीं. नकाराचें मत पेटींत संमतीसारखेंच मोजलें जातें. राज्य चालवितांना मात्र तें पाठीशीं उभें राहत नाहीं. २०१८ च्या नोव्हेंबरांत इंधनावरील करवाढीविरुद्ध पिवळे जाकीटधारी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हां याचा प्रत्यय आला. २०२२ सालीं मॅक्राँ पुन्हां निवडून आले; पण ल पेन यांचीं मतें ४१ टक्क्यांवर गेलीं आणि दोन्ही जुन्या पक्षांच्या उमेदवारांस पहिल्या फेरींत मिळून सात टक्केही मतें मिळालीं नाहींत.

गांवोगांवचीं गाऱ्हाणीं ऐकून तीं राजधानीपर्यंत पोंचविणें, हें राजकीय पक्षाचें मुख्य काम होय. जुन्या पक्षांनीं तें सोडलें म्हणून लोकांनीं त्यांस सोडलें. परंतु तें काम अंगावर घेणारें कोणी उभें न राहिलें, तर नवा म्हणून निवडलेला पुरुषही पांच वर्षांत जुना होतो आणि मतदार पुन्हां नव्या दाराशीं जाऊन उभा राहतो.